काकांनी न वाचलेली ओळ

परतवाडा
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

जय भीम.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी पडली तसा आईचा गुडघा पुन्हा कुरकुरून राहिला, पण दवाखान्याचं नाव काढलं की "मले काय धाड भरली" म्हणते. तुझी अकोटच्या जिनिंगवरची ड्यूटी दिवसाची झाली का? गेटवर उभा राहतो तर तोंडाले रुमाल बांधत जा, त्या कापसाच्या धुळीनं खोकला धरते.

फोनवरच सांगितलं असतं, पण जानराव काकांचं नाव निघालं की तू फोन कापतो. म्हणून पत्र. पूर्ण वाच, तुले आईची शपथ आहे.

जानराव काका गेले. मागच्या मंगळवारी सकाळी छातीत दुखलं, अमरावतीले नेता नेता गाडीतच संपले. मौतीले मोजून अकरा माणसं. अर्ध्या परतवाड्याच्या पाळण्याले पाय लावून देणारा माणूस, अन् अकरा!

आईनं ऐकलं तेव्हा पहिलं काय बोलली सांगू? "आता माझा धर्मेंद्र घरी येईल." तो म्हातारा जिवंत आहे तोवर इथं पाय ठेवणार नाही, असं म्हणून तू गेला होता ना. तेव्हापासून मागं लागली आहे, दादाले लिही, ये म्हणून लिही. रोज बसते लिहाले, अन् ते 'ये' काही लिहिल्या जाऊन नाही राहिलं.

आधी लहान खोटं सांगते. मी कॉम्प्युटर क्लासले जात नव्हती. जानेवारीपासून काकांजवळ लाकूड कातणं शिकत होती. हो, त्याच लेथवर. दे शिव्या.

आधी पेन शिकवले. सागाच्या तुकड्याले आरपार भोक पाडाचं, त्यात पितळी नळी चिकटवाची, अन् मशीनवर फिरवून पटाशीनं सोलत आणाचं. माझे पहिले नऊ पेन फुटले. जरा जोर दिला की लाकूड चिरते अन् आतली नळी दात काढते. काका म्हणत, "पोरी, भांडू नको त्याच्याशी. हात हलका ठेव." दहावा पेन सरळ निघाला तेव्हा मी लहान पोरीसारखी नाचली. दादा, दोन वर्षांत मी तेवढीच एकदा हसली असेन.

मंग मेणबत्तीचे स्टँड. आपल्या घरी बुद्धाच्या फोटोपुढं ठेवाले तू जोडी करत होता ना? एक पुरा झाला होता. दुसरा अर्धा काकांनी फळीवर तसाच ठेवला होता, रक्ताच्या डागासकट. मी त्या फळीकडं पाहत नव्हती.

आता पहिल्या दिवसाचं सांगते. तुझ्या अपघातानंतर काकांनी भिंतीवर रंगानं नियम लिहून ठेवले होते. शिकाले कोणी येतच नव्हतं, तरी लिहिले. मले एकेक वाचून दाखवला. घड्याळ काढाचं. ओढणी काढाची. बाह्या वर कराच्या. चौथी ओळ होती, हातमोजे घालून मशीनले हात लावाचा नाही. ती त्यांनी वाचली नाही. म्हणाले, "हे तुले सांगाची गरज नाही."

मी ओढणी काढून खुंटीले टांगली.

दादा, ते मोजे मी ठेवले होते.

तुझी बोटं थंडीनं फुटली होती, रक्त निघत होतं. बस स्टँडवरून लोकरीचे मोजे घेतले. हातात दिले असते तर तू चिडवलं असतं, मी काय बाई आहे का म्हणून. डबा घेऊन आली तेव्हा तू चहाले गेला होता, अन् तुझ्या मागून काकाही लाकूड आणाले अमरावतीले निघाले होते. लेथवर ठेवले अन् आली निघून. तुले वाटलं काकांनी ठेवले, उस्तादानं ठेवले म्हणजे घालाचेच. लोकरीचा धागा गुंतला अन् तुझी उजव्या हाताची चार बोटं गेली.

दवाखान्यात तू ओरडला, "तुमीच ठेवले ते मोजे!" काका म्हणाले, "मी नाही रे बाबा." मंग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. त्यानंतर ते मोज्यांबद्दल कोणाजवळच काही बोलले नाहीत. शिकणारे गेले, गिऱ्हाइकं गेली, लोक तोंडावर थू म्हणत. इकडं भातकुली गावच्या पोरीसंगं तुझं जमलेलं लग्न मोडलं. मी सगळं पाहिलं अन् दोन टाइम जेवली.

त्यांची माफी मागाची म्हणूनच शिकाले गेली होती. दहा महिने रोज उद्यावर ढकललं. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मी निघताना त्यांनी तो अर्धा स्टँड फळीवरून काढला, म्हणाले, "हा उद्या पुरा करू." काल मी तो एकटीनं पुरा केला. दुकानाची किल्ली काकूनं दिली होती. परत देताना काकूले खरं सांगितलं. तिनं किल्ली घेतली अन् दार लावून घेतलं.

सोबत शिसमाचा पेन पाठवते. जाड आहे, डाव्या हातात बसेल असा. हे माप काकांचं. स्वतःची डावी मूठ वळून वळून दहा वेळा पाहिली होती त्यांनी. "धर्मेंद्रले पाठव, माझं नाव सांगू नको," म्हणाले होते. मी सांगितलं.

आई आतून विचारून राहिली, लिहिलं का ये म्हणून? हे पत्र पोस्टात टाकून आली की तिलेही मोज्यांचं खरं सांगते. तुले ये म्हणाचं तोंड मले नाही. आई वाट पाहते, एवढंच लिहिते. मी असताना तुले घरी याचं नसेल तर तसं कळव, मी आधी निघून जाईन. त्याच पेननं कळव.

ते मोजे ठेवणारी,
तुझी बहीण
दीक्षा