नॉट रिचेबल

१७ नोव्हेंबर, दुपारी
फॉर्म भरला. अपक्ष. दर्यापूर नगरपालिका, प्रभाग आठ. बावीस वर्षं पक्षाच्या सभांना सतरंज्या अंथरल्या आणि तिकीट कोणाला? महिनाभरापूर्वी दुसऱ्या पक्षातून उडी मारून आलेल्या ट्रॅक्टर शोरूमवाल्याला. परवा स्टेजवर त्याने सवयीने जुन्याच पक्षाची घोषणा दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
माझं घर प्रभाग नऊमध्ये आहे, पण तिथली जागा महिला राखीव. म्हणून आठ. मधे फक्त एक रस्ता आहे.
गादीवाले रऊफभाई पण नाराज. त्यांनी तीनमधून फॉर्म भरला. आम्ही दोघं एकाच दिवशी पक्षात आलो होतो.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळी
प्लॅन. लढायचं नाही. (हे फक्त इथेच.) बंडखोराने फॉर्म भरायचा तो मागे घेण्यासाठी. मुदत २१ तारीख, दुपारी तीन. त्याआधी जिल्हाध्यक्ष भगवंतराव स्वतः घरी येणार, खांद्यावर हात ठेवणार, स्वीकृत नगरसेवक करतो म्हणणार. म्हणजे मतं न मागता पालिकेत खुर्ची. मी नाही म्हणणार. ते पुन्हा म्हणणार. मग मी पक्षहितासाठी हो म्हणणार.
खरं सांगायचं तर पदाचं नंतर बघू. बावीस वर्षांत भगवंतराव माझ्या घराची पायरी चढले नाहीत. एकदा यावेत. शेजाऱ्यांनी बघावं.

१८ नोव्हेंबर
हातवाली खुर्ची आणली. सहा नवे कप आणले.
विचारांती ठरवलं, नॉट रिचेबल व्हायचं. टीव्हीवर बघतो ना, मोठा नेता नाराज झाला की आधी नॉट रिचेबल होतो. सापडणाऱ्या माणसाला कोण विचारतं? उद्या अकोल्याला साडूकडे. फोन बंद करून कपाटात, नाहीतर लोकेशन कळतं.
बायकोला, कौशल्याला, बजावलं. कोणीही येवो, कुठे गेले माहीत नाही म्हण. आणि कोण आलं, काय म्हणालं, ते मलाही सांगू नको. मला मोह होईल. ती म्हणे, बरं. मग म्हणे, सिलिंडर संपून राहिलं, नंबर कोण लावन? जिल्ह्याचं राजकारण हलायच्या बेतात आहे आणि हिला सिलिंडर.

१९ नोव्हेंबर, अकोला
साडूने विचारलं, किती दिवस? म्हटलं, घडामोडींवर अवलंबून. मेहुणी रागिणीने छताचे जाळे काढायला लावले. उंच माणूस घरी आला आहे म्हणे.
दिवसभर बाहेर ओट्यावर बसलो. लपायचं खरं, पण शोधणाऱ्याला फार त्रास पण नको. संध्याकाळी बसस्टँडवर दर्यापूरच्या गाडीपाशी उभा राहिलो, ओळखीचं कोणी दिसलं तर तोंड फिरवायला. कोणी दिसलं नाही.
रऊफभाई मात्र फोन चालू ठेवून दुकानात बसलेत, येताना बघितलं. असं कुठे बंड असतं? राजकारण कळावं लागतं.

२० नोव्हेंबर
साडूच्या फोनवरून कौशल्याला कॉल केला. काही विशेष? म्हणे, काही नाई. मी खोकलो, थांबलो. तेव्हा म्हणे, चायपत्ती संपली, दूध पण उधार आणलं. मी घरी नाही आणि पाव किलो पत्ती संपली! एकटी बाई किती चहा पिते? परत गेल्यावर बोलावं लागेल.

२१ नोव्हेंबर, सकाळी
आज येणार. शेवटच्या दिवशीच येतात. साडूचा इस्त्रीचा शर्ट घातला.

दुपारी १
आत्ताची बस पकडली तर मुदतीत पोचतो. पण आपणच गेलो तर ती मनधरणी कसली? बस सोडली.

दुपारी ३
मुदत संपली. भगवंतराव आले नाहीत. माझ्याशी समोरासमोर लढायची हिंमत केली, याचं कौतुक वाटतं. आता माघार नाही. (घेताही येत नाही.) रागिणीने विचारलं, जेवता का आता? जेवलो.

२२ नोव्हेंबर, दर्यापूर
घरी. खुर्ची बैठकीच्या मधोमध. कौशल्याला म्हटलं, मी काही विचारत नाही, पण तसं काही? म्हणे, तसं म्हणजे कसं? विषय सोडला.
रऊफभाईंनी फॉर्म मागे घेतला! विकला गेला माणूस. आजपासून बोलणं बंद.

२६ नोव्हेंबर
चिन्ह मिळालं. गॅस सिलिंडर. कौशल्या म्हणे, चला, घरात एक तं आलं.

२ डिसेंबर
मतदान. माझं नाव प्रभाग नऊच्या यादीत, त्यामुळे मला स्वतःला मत देता येत नाही. कौशल्यालाही नाही. ही गोष्ट फॉर्म भरताना लक्षात आली होती, पण तेव्हा लढायचंच नव्हतं.
मशीनसमोर उभा राहिलो आणि बोट आपोआप पक्षाच्या बटणावर गेलं. बावीस वर्षांची सवय. बीप वाजल्यावर कळलं.
मोजणी तब्बल २१ तारखेला. बरं झालं, वातावरण तयार व्हायला वेळ मिळेल.

१० डिसेंबर
पानठेल्यावर एकाने मान हलवली. प्रभाग आठचा मतदार. अंडरकरंट आहे. साडू म्हणतो, मशीनमध्ये बंद झालेली मतं वाढत नाहीत. त्याला राजकारण कळत नाही.

२१ डिसेंबर
सतरा. नोटाला त्रेसष्ट. म्हणजे प्रभागात नाराजी जबरदस्त होती, फक्त ती माझ्याकडे वळली नाही. ट्रॅक्टरवाला निवडून आला. मिरवणूक आमच्या घरावरून गेली. शेजाऱ्यांनी बघितली.

१६ जानेवारी
रऊफभाई पेढे घेऊन आले. स्वीकृत नगरसेवक झाले. हातवाल्या खुर्चीत बसले. मी बोलणार नव्हतो, पण पेढा घेतला.
म्हणाले, भाऊ, हे पद तुमचंच होतं. भगवंतराव साहेब पयले तुमच्याच घरी आले होते, दोन डाव. तुमी भेटलेच नाई, मंग माह्या दुकानात आले. काहून गेले होते तुमी अकोल्याले?
ते गेल्यावर कौशल्याला विचारलं. शांतपणे म्हणाली, आले होते नं. एकोणीसला आले, विसाला आले. दुसऱ्या डावाले चार माणसं होती संग. याच खुर्चीत बसले. दोन-दोन कप चहा घेतला.
सांगितलं काहून नाही, विचारलं.
म्हणे, तुमीच तं म्हटलं होतं, मोह होईल म्हणून.
मग तांदूळ निवडायला बसली. निवडता निवडता तिनेच विचारलं, काय म्हणत होते ते आता सांगू का? आता तं मोह होत नाई ना?
म्हटलं, सांग.
म्हणे, तुमच्यासाठी हार आणला होता त्यायनं. म्हणत होते, श्यामराव माह्या घरचा माणूस आहे, त्याले म्हणा, रुसू नको. हार सुकला मंग. मी तो तुळशीत टाकला.