निरोगी गटातले बाबा

मंगळवार, ९ ऑक्टोबर

प्रिय ढब्बू,

आशीर्वाद-बिशीर्वाद सगळे. खोकला गेला का? की अजून आइस्क्रीम खातोयस? मी बरी आहे. फोनच करणार होते, पण तू मध्ये मध्ये बोलतोस आणि मी गडबडते. म्हणून हे पत्र.

माझं काम तुला ठाऊकच आहे. पोटाच्या जुनाट दुखण्यावर संशोधन चाललंय, त्यासाठी मी माणसं गोळा करते. मनगटाला एक पट्टा बांधायचा. घाम आणि नाडी यांवरून त्याला दुखणं ओळखता येतं का, ते बघतात. शिवाय दर दोन तासांनी आपण मोबाईलवर सांगायचं, किती दुखतंय, शून्य ते दहा. पोटदुखीवाले भरपूर मिळाले. तुलनेसाठी धडधाकट माणसं हवी होती, ती काही केल्या मिळेनात.

शेवटी बाबांना घेतलं. "मला काय धाड भरलीय!" म्हणाले आणि ऐटीत सही ठोकली. दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेताना मुद्दाम बाही वर सारायचे. "लेकीच्या संशोधनात आहे मी."

दोन आठवडे त्यांनी शून्य दाबलं. पट्टा मात्र रोज जेवणानंतर दुखतंय म्हणून दाखवत होता, तेही पेशंटांपेक्षा जास्त.

आता खरं सांगते. मला वाटलं, पट्टाच बिघडलाय. बदलून दिला, तर दुसराही तसाच. मग मी शेरा मारला, "पट्टा सदोष, नोंद वगळावी." संशोधनाच्या डॉक्टरांना दाखवलंसुद्धा नाही. यादी पुरी करायची घाई होती रे. दिवसभर अनोळखी माणसांना विचारत फिरते, कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय. बाबांना एकदाही विचारलं नाही.

तीन महिने गेले. मागच्या बुधवारी कापड बेतता बेतता ते पोट धरून खाली बसले. दवाखान्यात नेलं. आतड्यात गाठ आहे, पसरलीय. डॉक्टर म्हणाले, "आधी आला असतात तर..."

घरी आल्यावर मी बाबांवर ओरडलेच. का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तुला निरोगी माणूस हवा होता ना? मिळत नव्हता म्हणून रडकुंडीला आली होतीस."

ढब्बू, नोंद मी वगळली हे त्यांना माहीत नाही. सांगायला जवळ बसते, तर तेच म्हणतात, "दमलेली दिसतेस, आधी जेवून घे."

डॉक्टर आता महिन्यांत नाही, आठवड्यांत बोलतात. तुला रागवायचं तेवढं रागव, मी ऐकून घेईन, पण इथे येऊन रागव. आणि त्यांना सांगताना माझ्या शेजारी बस. माझ्याने एकटीने होत नाही.

तुझी,
माफी मागायलाही तोंड नसलेली
ताई