आधीची खेप

प्रिय ताई,

फोनवर नेहमीसारखं "बरी आहे" म्हणून मोकळी झाले, पण हे फोनवर सांगायचं नव्हतं. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा टेस्ट-ट्यूबचा गर्भ पिशवीत ठेवला होता, तोही टिकला नाही. रडू येत नाही. सकाळी चष्म्याचं दुकान उघडते, काचा पुसते, गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे भिंगं बदलत विचारते, आधी बरं दिसत होतं की आता? काल एक आजोबा म्हणाले, "पोरी, आधीचं कुठलं ते तरी आठवू दे!" सगळे हसले. मीही हसले असेन.

डॉक्टरीणबाईंनी या वेळी आत दुर्बीण घालून पाहिलं. पिशवीत जुने व्रण आहेत, एका ठिकाणी भिंती चिकटल्यात, म्हणून अस्तर नीट तयार होत नाही, म्हणाल्या. असं सहसा आपोआप होत नाही, आधी कधी पिशवी साफ केली होती का? मी तोंड उघडायच्या आत आमचे हेच म्हणाले, "छे हो, हिला साधा ताप येत नाही." इतक्या विश्वासाने म्हणाले की मी मान हलवली. फॉर्मवर 'आधीची गर्भधारणा' या रकान्यात दोन वर्षांपूर्वीच मी शून्य काढलं होतं. छान गोल.

नंतर एकटी जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, अहो, आधी एकदा राहिलं होतं ही तर चांगलीच गोष्ट, आणि व्रण सोडवता येतात. पण हे ठाऊक असतं तर आम्ही सुरुवातीलाच आत पाहिलं असतं. म्हणजे ते तिन्ही…

किती आठवड्यांचं होतं, कसं केलं, मला काही सांगता आलं नाही. आठ दिवस ताप होता आणि तू आईला टायफॉइड सांगितलास, एवढं आठवतं. दवाखान्यात नाव तुझं दिलं, कारण लग्न तुझं झालं होतं. बाकावर तू मला पढवत होतीस, "माझ्या नावाने हाक आली की तू उठायचं." हाक आली आणि आपण दोघीही उठलो.

दोन वर्षांनी तू तिथेच बाळंत व्हायला गेलीस. नर्सने जुना केसपेपर काढून तुझ्या सासूबाईंसमोर विचारलं, "दुसरी खेप ना?" तू हो म्हणालीस. तेव्हापासून त्यांचं चालूच आहे, "पहिली कुठे सांडून आलीस?" माझ्यासमोरही दोनदा म्हणाल्या. मी चहा ढवळत राहिले. तुझा लेक आता नऊ वर्षांचा आहे.

काल जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. ते जेवायचे थांबले, ताट उचलून आत गेले. आज सकाळी मात्र माझा डबा भरून ठेवला होता.

तो केसपेपर बाळंतपणाच्या कागदांबरोबर तुझ्या कपाटात आला असेल तर पाठव, डॉक्टरीणबाईंना हवाय. पण पत्र त्यासाठी नाही, ते फोनवरही मागता आलं असतं. शुक्रवारी फॉर्म नव्याने भरायचाय, त्या रकान्यात मी एक लिहिणार आहे. त्याआधी हे पत्र भावोजींना दे आणि सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव. ती खेप माझी होती. तुझ्या लेकाच्या आधी तुझं कोणी नव्हतं.

तुझीच,
धाकटी