पोपटाची चाल आणि तुझ्या कोटाचं माप

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (पायाला प्लास्टर आहे, तेव्हा वाकलो असं समज). तुझी तब्येत कशी आहे, हे या वेळी विचारत नाही. का, ते पुढे येईल. इकडे तुझी भावजय खुशाल, लेक खुशाल, फक्त माझी अब्रू गेली.

झालं असं, की पाय मोडल्यावर शिवणयंत्र बंद पडलं आणि मी घरी बसून तुझ्या भावजयीला स्वयंपाक शिकवू लागलो. तिनं बहुधा लेकीकडे गाऱ्हाणं केलं, कारण लेकीनं लगेच येऊन माझ्या मोबाइलवर पोकर घालून दिलं. पैसे खोटे, पण हरल्यावरचा अपमान अस्सल. या खेळात आपल्या पत्त्यांपेक्षा समोरचा नुसता आव आणतोय का, हे ओळखायचं असतं. मी म्हटलं, अगं, माझा जन्म यातच गेला! माप देताना कोण पोट आत ओढतो, हे मी गळ्यातली टेप काढायच्या आधीच सांगतो. (गिऱ्हाइकाला मात्र बोलून दाखवत नाही. गुपचूप दोन बोटं सैल शिवतो.)

पण इथे पोटच दिसेना. एक गोल चित्र आणि वेळ संपत आल्याचं दाखवणारी पट्टी, बस. पोपटाचं चित्र लावलेला एक गडी मला रोज धुऊन काढायचा. मी ठरवलं, पोरगेला दिसतो, उगाच रेटतोय. खोट्या पैशांच्या सगळ्या चिप्स पुढे सारल्या, तर त्याच्याकडे तीन राजे. पुढच्या वेळी शहाण्यासारखी माघार घेतली, तर मेल्यानं पत्ते उघडून दाखवले, नुसती फुसकी दुर्री आणि सत्ती! तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, चित्र नका बघू, वेळ बघा. हातात काही असलं की माणूस जरा थांबतो. काहीच नसलं की झटकन बोलून मोकळा होतो."

मग मी वेळ बघू लागलो, आणि लक्षात आलं, की आमच्या दाराची घंटा वाजली की पोपट घुटमळतो. दूध वर आलं तरी घुटमळतो. तिसऱ्या घंटेला मी एका पायावर उड्या मारत स्वयंपाकघरात गेलो. साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवलेला, त्यावर पोपट, आणि समोर तुझी भावजय चष्मा लावून. मागे वळूनही न बघता म्हणाली, "बसा जाऊन. तुमची पाळी आहे." वर रोज जिंकण्याचं कारण काय, तर मी थाप मारायला लागलो की माझी खुर्ची करकरते आणि ते तिला भिंतीपलीकडून ऐकू येतं. इतकी वर्षं संसार करून मी थापा मारल्या असतील तेवढ्या वाया गेल्या म्हणायच्या!

आता मुद्द्याचं. परवा फोनवर मी "कशी आहेस" पूर्ण म्हणायच्या आत तू "मजेत" म्हणालीस. जेवलीस का? हो. थंडीसाठी तुला शिवायच्या कोटाचं माप? मागचंच. भावोजी होते तेव्हा याच प्रश्नाला तू गुडघ्यांपासून सुरुवात करून त्यांच्या घोरण्यापर्यंत जायचीस, आणि माझा चहा गार व्हायचा. ताई, तुझ्या हातात पत्ते नाहीत गं. फोन ठेवला आणि मी टेप हातात घेऊन नुसता बसून राहिलो. फार वाईट वाटलं.

तुझा,
धाकटा

ता. क. कोट अजून कापलेला नाही. अंदाजानं कापड वाया घालवणं मला जमत नाही, म्हणून माप घ्यायला आम्ही दोघं तुझ्याकडे येतो आणि आठ दिवस राहतो. नाही म्हणायचं असेल तर थांबून, विचार करून म्हण. झटकन आलेलं "कशाला उगाच त्रास" मी धरणार नाही.

आणखी ता. क. ताई, हे पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलंय, म्हणून मी चार ओळी लिहिते. पत्र लिहिताना यांची खुर्ची सारखी करकरत होती. प्लास्टर गेल्या आठवड्यातच निघालं. पण प्लास्टरवाल्या भावाला ताई नाही म्हणणार नाही, असा यांचा डाव आहे. दुकान उघडतात, पण मन लागत नाही. तुम्ही एकट्या कशा असाल, हेच दिवसभर. आणि तुमचा कोट कापूनच काय, शिवूनही झालाय. मागच्याच मापाचा. मी म्हटलं, आता तो ताईंना ढगळ होईल. तर म्हणाले, होऊ दे, आठ दिवस समोर बसून जेवली की बरोबर बसेल.