माझ्यावरचा मोर्चा

मंगळवार, संध्याकाळ

खोडाळ्याचा बाजार बुडवून पाड्यावरच्या बायकांनी आज माझ्याच ग्रामपंचायतीवर हंडा मोर्चा आणला. टँकर आला नाही, आणि सरपंच मी. पण घोषणा किती मिळमिळीत! जव्हारला शिकताना अर्धं डोकं भादरून, कानात सेफ्टी पिन टोचून आम्ही पंक रॉक बँडमध्ये खुर्चीविरुद्ध किंचाळायचो. ती पिन लग्नात सासूबाईंनी काढायला लावली. खाज मात्र राहिली. बाहेर गेले, एकीचा रिकामा हंडा घेऊन बडवला आणि ओरडले, "सरपंच मुर्दाबाद!"

मोर्च्यातल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, सरपंच तूच ना?"

हो की! पण ठेका काय बसला होता. मग तोच मोर्चा घेऊन तालुक्याला गेले. तहसीलदारसाहेब घाबरून म्हणाले, "टँकर उद्या नक्की."

परतताना सासूबाईंनी बांगडीतली पिन काढून माझ्या हातात ठेवली. "नाय आला, तर घाल कानात."