भिवाजीकाकांची वळणं

३ नोव्हेंबर, कनेरगाव नाका
आखणीचा प्रोग्राम लिहायला इंटरनेटवरून दोन फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडे, उतरवून घेतली. दोन्हींत माऊसने पडद्यावर रेघ ओढता येते. निवडायचं कोणतं? चुकलो तर भिवाजीकाका घरी बसतील!

काका आमच्या गेट-ग्रिलच्या दुकानातले मिस्त्री. नक्षी आजवर खडूने फरशीवर आखत आले — खऱ्या मापात, उकिडवं बसून. मग त्या रेघेवर सळई ठेवून वाकवायची. आता गुडघे साथ देत नाहीत. मालक पुनमचंदशेठ म्हणाले, "पंधरा दिवस बघतो. मग दुसरा मिस्त्री." मीच बोलून बसलो, "काकांना खुर्चीत बसून कॉम्प्युटरवर आखता येईल." डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडलेला मी. कशाच्या जोरावर बोललो!

६ नोव्हेंबर
पहिलं फ्रेमवर्क चपळ आहे. हजार रेघा काढल्या, अडखळलं नाही. काकांनी एक वळण काढलं आणि तेच धरून ओढायला गेले. हललं नाही.

"हे असं मेल्यावानी काहून पडलं रे?"

खरंच, का? तीन तास वाचलं. ते फक्त ठिपके रंगवतं. रेघ काढली की विसरून जातं.

७ नोव्हेंबर
दुसरं जड आहे. पण प्रत्येक वळण वेगळी वस्तू म्हणून लक्षात ठेवतं! टोक धरा, वाकवा, उचलून दुसरीकडे ठेवा. पण माऊस कोणत्या रेघेवर आहे हे त्याला कळतं कसं? प्रत्येक वस्तूभोवती न दिसणारा चौकोन असतो. आधी तो तपासतं, मग नेमकी रेघ. किती साधं!

१० नोव्हेंबर
ठरलं. दुसरंच फ्रेमवर्क.

१४ नोव्हेंबर
काकांनी दिवसभरात नऊ वळणं काढली. "आता सळई वाकवल्यावानी वाटून राहिलं." फ्लेक्सवाल्याकडून त्यांतलं एक गेट खऱ्या मापात छापून आणलं, फरशीवर अंथरलं. सळई बरोबर बसली! मी प्रत्येक वळणाला नाव दिलं, कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलं. काका हसले, "लेकरांची बी इतकी नावं ठेवली न्हाईत बाबा मी."

१८ नोव्हेंबर
शेठ बघायला आले. "काकांची समदी वळणं हायेत का यात?"

"हो, एकूण एक!"

"मग तू जुळवशील का गेट?"

खुशीत चार वळणं ओढून मी तिथल्या तिथे जुळवून दाखवलं.

शेठ काकांकडे वळले. "मग तुमी आता घरी आराम करा."

काका "व्हय" म्हणाले. उठले, आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.