बॅटरीचं दुकान सुनेला, दाराजवळची खुर्ची मुलाला

मी, बॅटरीवाल्यांच्या मागे राहिलेली त्यांची बायको, चौथीपर्यंत शिकलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरने तसा दाखला दिला आहे. नाडी बघून म्हणाला, "आजी, ठणठणीत आहात." मी म्हटलं, "आत्ताच चहा पिऊन आलेय. जरा थांबून परत बघा." बॅटरी असो की माणूस, गरम असताना खरं सांगत नाही.

पहिलं, राहतं घर मुलगा आणि सून दोघांचं, निम्मं निम्मं. भांडण स्वयंपाकघरात करावं, पुढच्या खोलीतलं शेजारी ऐकतात.

दुसरं, बॅटरी चार्जिंगचं दुकान. खरा घोळ इथेच आहे. मुलाला ते समोरच्या टायरवाल्याला विकायचंय, सुनेला चालवायचंय. मुलगा माझा लाडका, पण भारी घाईचा. चार्जरवरून बॅटरी उतरवली की लगेच मीटर लावतो, आकडा भरलेला दिसतो, की "झाली, न्या." ती काही तास स्वस्थ ठेवावी, मग एकेका सेलमधलं ॲसिड काचेच्या नळीत ओढून किती दाट आहे ते बघावं, एक सेल जरी मागे असला तरी बॅटरी हातातून सोडू नये, हे त्याच्या गळी उतरत नाही. त्याने अशीच पास केलेली बॅटरी शववाहिकेत बसली आणि गाडी भर रस्त्यात बंद पडली. मयताचे दोन जावई वर्षानुवर्षं अबोला धरून होते, त्यांनी ती मिळून ढकलली. घरच्यांनी नंतर आभार मानले, म्हणून मुलाला अजून वाटतं त्याचं काही चुकलं नाही.

सुनेच्या मात्र प्रत्येक साडीला ॲसिडची भोकं आहेत, माझ्यासारखीच. म्हणून दुकान, चार्जर आणि नळी सुनेला. तिला सांगितलं तर म्हणाली, "आई, ह्यांना बाहेर काढून दुकान द्यायचं असेल तर मला नको."

"मग त्याचं काय करशील?"

"दारात बसवीन. बॅटरी थांबते, गिऱ्हाईक थांबत नाही. ह्यांच्या गप्पांत थांबेल."

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. आनंदाने दोनदा चहा केला. तर दाराजवळची खुर्ची मुलाला, कायमची. मीटरला हात लावायचा नाही.

टायरवाल्याला काहीही नाही. बायकांना बॅटरी कळत नाही म्हणतो आणि स्वतःची आमच्याकडेच आणतो. ती मात्र नीटच तपासून द्यावी.

बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणाला. ती बॅटरीचं काम शिकली तर तेही शिक्षणच.

हे लिहितेय तिथेच, दुकानात, मुलगा साक्षीदार म्हणून सही करायला निघाला. वकील म्हणाले, ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत नाही.

"दुकानातलं मला काय मिळालंय? खुर्ची."

"बसून तर बघ," मी म्हटलं.

बसला. तेवढ्यात दूधगाडीवाला बॅटरी घ्यायला आला, उभ्या उभ्याच जायचं म्हणत होता. अजून इथेच आहे, आणि सुनेची नळी त्याच्या बॅटरीच्या शेवटच्या सेलपर्यंत आली आहे.

स्थळ: दुकानातलं टेबल. तारीख: वकिलांच्या शिक्क्यावर आहे ती.

सही: आजी

साक्षीदार: डॉक्टर, नाडी पुन्हा बघून.
साक्षीदार: दूधगाडीवाला, घाईत होता.